तुफानराव ओट्यावर बसला

९ जून २०२५, सोमवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली. पाच महिने माझी बायको प्रेमला तिच्यात किराण्याच्या याद्या लिहीत होती. आजपासून ही माझी. कारणच तसं घडलंय.

सकाळी अकराला पुण्याहून फोन आला. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनातली संपादक मुलगी, नाव प्रीती. म्हणाली, "वीर तुफानरावचे मुकुंद देऊळगावकर तुम्हीच का?" खुर्चीत बसलेलो होतो म्हणून बरं! हे नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकून मला अडतीस वर्षं झाली.

पुढंमागं कुणी हे वाचलंच तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. १९८३ ते ८७ मध्ये जालन्यातून, मस्तगडच्या याच घरातून, मी 'वीर तुफानराव' नावाची चित्रकथा काढायचो. दर दोन महिन्यांनी एक अंक. लाल पटका, झुपकेदार मिशा, खांद्यावर उपरणं. छाती भरून श्वास घेऊन सोडला की दरोडेखोरांच्या जीपा उलट्यापालट्या! दिवसा शाळेत चित्रकला शिकवायची, संध्याकाळी तुफानराव. चित्रांचे छपाईचे ब्लॉक करायला औरंगाबादला जायचं. तेवीस अंक निघाले. गोष्ट, चित्रं, अक्षरं, सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यातून.

तर प्रीतीला रद्दीत आठ अंक सापडले आणि तिला तुफानराव आजच्या मुलांसाठी नव्यानं आणायचाय. पंधरा जुलैपर्यंत आठ पानं नमुन्याची पाठवायची. पसंत पडली तर पुस्तक. रंगीत!

प्रेमलाला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कुकरकडं गेली. बाईमाणसाला कलेचं काय!

११ जून

प्रीतीचा पुन्हा फोन. अपेक्षा सांगितल्या. वाचक दहा-बारा वर्षांचा. जुनं सगळं पुसून टाकलं तरी चालेल, जणू तुफानराव आजच जन्मला. मी म्हणालो, बिलकुल. मंग म्हणाली, "काका, त्या गोष्टी काय जिवंत आहेत हो! माणसं एकमेकांशी बोलतात ना, ते लई भारी." मी विचारलं, आणि चित्रं? "हो हो, चित्रंही छान."

ते 'ही' मला आवडलं न्हाई.

१६ जून

पाच दिवस खपून नवा तुफानराव काढला. मिशा काढल्या. पटका काढला. जीन्स, कानात ते बिनवायरचं यंत्र, हातात मोबाईल. प्रेमलाला दाखवला. चष्मा लावून बघितला आणि पदर तोंडाला लावला.

"का हसून राह्यली?"

"न्हाई हो, चांगलाय. कर्ज पाहिजे का म्हणून विचारायला आल्ता परवा, तोच वाटला."

डोक्यात तिडीक गेली. दोन तास बोललो न्हाई तिच्याशी. मंग नीट बघितलं तर खरंच तसाच दिसत होता. फाडला. मिशा परत आणल्या, जरा बारीक केल्या.

२२ जून, रविवार

गोष्ट लिहून पाठवली होती, सोबत त्या बारीक मिशांच्या तुफानरावचं चित्र. प्रीती फार गोड बोलते, पण गोड बोलून तिनं सालटी काढली. म्हणे तुफानराव दोन पानं प्लास्टिकवर भाषण देतो आणि तोवर चोर पळून गेले असते. "काका, जुन्या अंकात तो भांडायच्या आधी चोराला विचारतो ना, जेवलास का? तसं काहीतरी आणा."

जेवलास का! ते कसं सुचलं होतं ते आठवलं मला. मी चित्र काढत बसायचो. प्रेमला शेजारी मेथी निवडत बसायची आणि गप्पा मारायची. मी म्हणायचो, आता हा म्हणेल, 'थांब दुष्टा!' ती म्हणायची, "असं कुणी बोलतं का? तो म्हणेल, लेका, तुझं तोंड उतरलंय, जेवलास का?" मी फुग्यात लिहून टाकायचो. मंग तो चोर का उपाशी, कुणाच्या घरचा, ते ती बोलत राहायची. गप्पाच त्या. घरात माणूस असलं की बोलणारच.

म्हणून आज म्हणालो, "बस ना जरा, पूर्वीसारखी."

"मी न्हाई बसायची."

"का?"

"कंबर दुखते."

मी स्टूल आणला, उशी आणली. तरी बसली न्हाई. या घरात माणसाला सहकार्य म्हणून न्हाई.

२४ जून

प्रीतीनं विचारलं, मासिक बंद का पडलं? मी सांगितलं, टीव्ही आला, कागद महागला. खरं म्हणजे तेविसावा अंक सगळ्यांत जास्त खपला होता. त्याची गंमत लिहून ठेवलीच पाहिजे.

तुफानरावच्या पथकात तुळजा नावाची एक पोरगी होती, लोक तिला वावटळ म्हणायचे. तेराव्या अंकापासून ती आली आणि चांगलीच गाजली. पण विक्रेते म्हणायला लागले, पोरांना पोरीच्या करामती नको असतात. तिला एकदम काढून टाकावं तर वाचक रागावणार. मंग मी काय शक्कल लढवली? तिचं लग्न लावून दिलं! थाटात! वाऱ्यानं अक्षता उडताहेत, तुफानराव मामा म्हणून अंतरपाट धरून उभा, डोळ्यांत पाणी. आणि अंकासोबत खरी लग्नपत्रिका फुकट. पिवळा कागद, वर गणपती, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून सगळं बराबर. खाली निमंत्रक म्हणून प्रेमलाचं आणि माझं नाव. लोकांनी आहेर पाठवले हो! खणाचे तुकडे, नारळ. एका आजीबाईनं टोपलंभर पापड धाडले.

असा तो अंक. चोविसावा मात्र झाला न्हाई. गोष्टच सुचेना. अवधूत झाला होता, घरात तान्हं बाळ, त्यामुळं असेल.

२९ जून

प्रीतीनं इंटरनेटवर जुनं मुखपृष्ठ टाकलं आणि विचारलं, हा कुणाला आठवतो का? पन्नासेक जणांनी लिहिलं. एकानं तर मिशांचं लईच कौतुक केलं. एक बाई आहेत, तुळजाबाई, भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या, अंगणवाडी सेविका. त्यांना भेटायला यायचंय. प्रेमलाला सांगितलं तेव्हा ती चपात्या लाटत होती. लाटणं थांबवून विचारलं, "कुठली म्हणाला?" दोनदा सांगावं लागलं. ऐकायला कमी येतं वाटतं हल्ली.

४ जुलै, शुक्रवार

तुळजाबाई येऊन गेल्या. सगळं जसंच्या तसं लिहितो.

बाई एक्कावन्न वर्षांच्या. सकाळच्या गाडीनं निघून भोकरदनला बदलून अकराला दारात. सोबत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मला वाकून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, वा, याला वाचक म्हणतात. पोहे पुढं आले तोवर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. "सर, हे तुमचं पत्र. चाळीस वर्सं झाली, संभाळून ठिवलंय."

मुलांची पत्रं यायची तेव्हा, तुफानरावच्या नावानं. उत्तरं टाकायचं किरकोळ काम प्रेमला बघायची. मला वाटायचं, 'पत्र पावलं, आभार' एवढंच लिहीत असेल. कार्ड वाचलं. उतरून ठेवतो:

'चि. तुळजा, तू विचारलंस, वारा पोरींच्या अंगात येतो का. येतो. धाप लागली तरी थांबायचं नाही, एवढंच. माझ्या पथकात जागा आहे. तुझ्या नावाची पोरगी लवकरच येईल आणि ती कधी मागं फिरणार नाही. हा माझा शब्द. तुझा, तुफानराव.'

अक्षर प्रेमलाचं. मी तिच्याकडं बघितलं. ती दाराशी उभी, हातात पाण्याचा तांब्या तसाच.

म्हणजे वावटळ तुळजा ही खरीच कुणीतरी होती. मला वाटत होतं, नाव मीच शोधलं.

"मंग आली ना ती अंकात!" तुळजाबाई सांगत होत्या. "साऱ्या गावाला दाखवत फिरले. साळंत मला वावटळच म्हनायचे. पळायच्या शर्यतीत तालुक्याला गेल्ते मी. मास्तर म्हनले जिल्ह्याला नेतो." पोह्यातलं खोबरं बाजूला करत करत बोलत होत्या, हसत होत्या. "त्याच साली वडलांनी लग्न काढलं. मी लई रडले. जेवले न्हाई दोन दिस. मंग वडलांनी तुमची ती पत्रिका आनली. पिवळी. ती दाखवली मला. म्हनले, बघ, तुझ्या तुफानरावनं पन उजवली तिला. तू कोन मोठी लागून गेली? तवा मी गप झाले. तुफानरावच म्हनतोय म्हटल्यावर बोलायचं काय!"

तेरा वर्षांच्या होत्या.

मी म्हणालो, "अहो, ती गोष्टीतली. चित्र आहे ते."

"व्हय, कळतं ना सर. रागानं न्हाई सांगून राह्यले. माझं चांगलं चाललंय, दोन लेकी शिकवल्या. येकच इचारायचं व्हतं. म्हनून आले." माझ्याकडं बराबर बघितलं त्यांनी. "तिला कुनी इचारलं व्हतं का? लग्न करती का म्हनून?"

प्रेमला तांब्या ठेवून आत गेली. बाई निघाल्या तेव्हा बाहेर आली, ओटी भरली, त्यांचा हात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

५ जुलै

सकाळी चहाच्या वेळी मीच विषय काढला. म्हटलं, त्या बाईच्या बापानं लग्न लावलं, त्यात माझा काय दोष? प्रेमला बोलायला लागली. तिला एवढं सलग बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं न्हाई.

तेविसाव्या अंकाच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी, बदनापूरला होती. तो अंक मी एकट्यानं केला. तिला अचानक आनंद द्यावा म्हणून अंक आणि पत्रिका घेऊन मी स्वतः गेल्तो. अवधूत दहा दिवसांचा. ती म्हणाली, "पोर मांडीवर होतं आणि तुम्ही पत्रिका हातात दिली. खाली माझं नाव. निमंत्रक! मी त्या पोरीला शब्द दिला होता, मागं फिरणार न्हाई म्हणून. आणि माझ्याच नावानं आवतण गेलं गावोगाव."

"मंग तेव्हाच का न्हाई बोललीस?"

"काय बोलणार? तुम्ही म्हणाला असता, चित्र आहे ते. काल म्हणालातच."

मी चिडलो. म्हणालो, एवढं होतं तर चोविसाव्याला बसायचं, सुधारायचं. ती म्हणाली, "माझी इच्छाच गेली." एवढंच, आणि कपबश्या उचलल्या.

दिवसभर जुने अंक चाळले. एक ते बावीस, आणि मंग तेवीस. तेविसाव्यात कुणी कुणाशी बोलतच न्हाई. सगळे भाषण ठोकतात. तुफानराव तर लग्नातसुद्धा हुंड्यावर दोन पानं बोलतो. म्हणजे टीव्ही न्हाई, कागद न्हाई, काही न्हाई. प्रेमला उठून गेली आणि मासिक बंद पडलं. पोरापोरींनी जीव लावला तो तिच्या बोलण्याला, आणि मी चार शाळांत जाऊन हार घालून घेतले.

वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला असं वाटून काय उपयोग, पण वाटलं.

८ जुलै

आज तिला म्हणालो, "चुकलो मी." स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो. ती म्हणाली, "सरका, फोडणी उडेल." पण दुपारी आपणहून येऊन बसली, उशी घेऊन. दोन अटी घातल्या. एक, जुनं पुसायचं न्हाई, लग्न झालं तिथूनच सुरू करायचं. "जिला उजवली तिला ठेवणार कुठं? अशी पुसता येते का बाई?" दोन, तिच्या एका शब्दाला मी हात लावायचा न्हाई. कबूल केलं.

१० जुलै

गोष्ट अशी. तुफानराव म्हातारा झालाय, गुडघे गेलेत, श्वास पुरत न्हाई. गावात संकट आलंय आणि वारा अंगात असलेलं दुसरं माणूस एकच, तुळजा. तीही पन्नाशीची. तो तिच्या घरी जातो. ती धुणं धुतेय. म्हणते, बसा, हातातलं काम होऊ द्या. आणि तुफानराव ओट्यावर बसतो. तीन चौकटी नुसता बसतो!

मी म्हणालो, "अगं, वीरपुरुष आहे तो! तीन चौकटी बसवून ठेवतेस? पोरं अंक फेकून देतील."

"बसू द्या. सवय न्हाई त्याला, म्हणून बसू द्या."

काढल्या तीन चौकटी. पहिल्यात ताठ, दुसरीत पटका काढून मांडीवर, तिसरीत कोंबडीकडं बघत. काढता काढता मलाच हसू आलं. चाळीस वर्षांत माझा हात असा चालला न्हवता.

शीर्षकाच्या पानावर लिहिलं, 'कथासहाय्य : सौ. प्रेमला देऊळगावकर'. ती चष्म्यावरून बघत राहिली. खोडलं. 'कथा : प्रेमला देऊळगावकर' लिहिलं. मंग ती कणीक मळायला गेली.

१८ जुलै

आठ पानं वेळेत पाठवली होती. आज प्रीतीचा फोन. तिला स्वतःला फारच आवडली, रडले म्हणाली. पण वरचे लोक म्हणतात, पन्नाशीच्या बाईची गोष्ट मुलं विकत घेणार न्हाईत. त्यांना माझा तो बारीक मिशांचा तरुण पाहिजे. गोष्ट दुसरा लेखक लिहील. चित्रं माझी, मुखपृष्ठावर माझं नाव, पहिल्या वर्षात चार पुस्तकं. सोमवारपर्यंत सांगा म्हणाली.

प्रेमलाला सांगितलं न्हाई.

२० जुलै

अजून सांगितलं न्हाई. खरं लिहायचं तर मला ते पाहिजे आहे. पुस्तकांच्या दुकानात काचेमागं माझा तुफानराव, रंगीत, खाली माझं नाव. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा एक घड्याळ मिळालं, बस्स. जाता जाता एवढं मिळालं तर कुणाचं काय बिघडतं? प्रेमलाला तरी कुठं नावाची हौस आहे? एवढं लिहिलं आणि वाचून बघितलं. पुन्हा तिला न विचारताच मी तिचं ठरवून राह्यलो होतो.

उठलो आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुफानराव तुमचा आहे. तुम्ही ठरवा." भांडली असती तर सोपं गेलं असतं.

२१ जुलै, सोमवार

प्रीतीला न्हाई म्हणून सांगितलं. मंग म्हणाली, "काका, पुढची पानं झाली तर मला वाचायला तरी पाठवाल ना?" पोरगी चांगली आहे.

पुस्तक होणार न्हाई. प्रेमलानं विचारलं, पुढची पानं काढायची का? म्हणालो, काढायची न्हाई तर काय, तो काय ओट्यावरच बसून राहणार?

३ ऑगस्ट, रविवार

सोळा पानं पूर्ण झाली. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स काढून, मधोमध पिना मारून दहा प्रती केल्या आणि पहिली घेऊन दोघं धावड्याला गेलो. रविवार, अंगणवाडी बंद, तुळजाबाई घरीच लसूण निवडत होत्या. हात पुसले, चष्मा लावला, उंबऱ्यावर बसून वाचायला घेतलं.

मी शाळेत हजारो पोरांच्या वह्या तपासल्या, पण आज पहिल्यांदा माझी वही कुणी तपासत होतं. तुफानराव ओट्यावर बसला तिथं बाई खळखळून हसल्या. तीनही चौकटींवर बोट फिरवलं. मंग हळूहळू शेवटच्या पानावर आल्या. तिथं तुफानराव उभा राहून म्हणतो, 'तुळजा, तेव्हा तुला विचारलं नव्हतं. चुकलो. आता विचारतो. येशील का?' समोर तुळजा, ओल्या हातांनी. तिच्या तोंडाजवळचा फुगा मोकळा. मी चारदा प्रेमलाला म्हणालो होतो, काय लिहू यात? चारही वेळा तिनं 'न्हाई' म्हणून मान हलवली होती.

"सर, हितं लिव्हायचं राह्यलं तुमचं," तुळजाबाई म्हणाल्या.

"राहिलं न्हाई," प्रेमला म्हणाली. "ते मला सांगता येत न्हाई. तुम्हीच सांगा."

मी पेन पुढं केलं. बाईंनी ते घेतलं, टोपण काढलं, कागदाजवळ नेलं. आणि थांबल्या.

"आत्ताच सांगावं लागतं का?"

"न्हाई," प्रेमला म्हणाली.

"मंग ठिवून जा माझ्यापाशी. इचार करते. मागल्या टायमाला येळच दिला न्हवता कुनी."

टोपण लावून पेन मला परत दिलं. चहा झाला, मिरच्या बांधून दिल्या. चारच्या गाडीनं निघालो. गाडीत मी प्रेमलाला विचारलं, काय वाटतं, येईल का ती? म्हणाली, "मला काय ठाऊक?" तुफानरावच्या गोष्टीत पुढं काय होणार, ते पहिल्यांदाच आम्हा दोघांनाही माहीत न्हाई.